दुपारी परत येता येईल अशी खोली

नवी दिल्ली, सोमवार, रात्री

प्रिय ताई,

दाजींचा निरोप पोचला. ‘झोपायलाच तर जायचंय, खोलीवर पैसे कशाला घालायचे?’ हे त्यांचं म्हणणं तू एक शब्दही न बदलता कळवलंस. तेव्हा उत्तरही त्यांनाच आहे असं समज आणि हे पत्र चहाच्या वेळी त्यांच्या हातात दे. थंडीनं बोटं वाकत नाहीत, डोळे मिटतायत, त्यामुळे आज हा एकच मुद्दा. बाकीचं होईल तसं लिहीन.

दाजींचं वाक्य एकट्या जिवाला लागू पडतं. पाठीला सॅक लावून आलेल्या कॉलेजच्या पोराला खाट, कुलूप आणि मोबाइलला प्लग मिळाला की झालं. सकाळी बाहेर पडला की तो रात्रीच उगवणार. आपली गोष्ट वेगळी. तुम्ही सहा जण येणार. त्यात आईचा गुडघा आहे, तुझ्या सासूबाईंची दुपारची गोळी आणि गोळीनंतरचं तासभर आडवं होणं आहे, आणि मुक्ता आहे, जिची दुपारची झोप बुडाली की संध्याकाळी घरातल्या कोणालाच स्वस्थता नसते. हे सगळं धरून इथला दिवस मांडून बघ. डिसेंबरअखेर दिल्लीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि साडेपाचच्या सुमाराला मावळतो. धुकं असलं तर दहापर्यंत समोरचा माणूस दिसत नाही, मिनार कुठला दिसायला! म्हणजे उन्हाचे तास हाताशी सात, फार तर आठ. त्यात लाल किल्ला शहराच्या एका टोकाला, कुतुबमिनार दुसऱ्या टोकाला, मधे पंधरा-एक किलोमीटर. ही दोन ठिकाणं सलग करायची म्हटली तर म्हाताऱ्या माणसांना दुपारी एक ते तीन कुठल्यातरी बागेतल्या बाकावर बसवून ठेवावं लागणार. चारला आईचा गुडघा बोलायला लागणार, आणि दिवस तिथेच संपणार.

आता खोली शहराच्या मधोमध, मेट्रोपासून चालत दहा मिनिटांवर असली तर काय होतं बघ. सकाळी एक दिशा, दुपारी खोलीवर परत, दोन तास पाय पसरून झोप, साडेतीनला दुसरी दिशा. एका दिवसाचे दोन दिवस होतात. लांबच्या स्वस्त खोलीत हे जमत नाही, कारण वीस-पंचवीस किलोमीटर जाऊन परत यायला कोणी धजत नाही. मग अर्धं बघायचं राहतं, ‘एवढं आलोय तर’ म्हणून मुक्काम एका रात्रीनं वाढतो, आणि ती वाढलेली रात्र खोली ठरवताना कोणीच हिशेबात धरलेली नसते. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे: खोली स्वस्त की महाग हे पाटीवरच्या आकड्यावरून ठरवू नका, दुपारी परत येता येईल का यावरून ठरवा.

दाजींना आकडे लागतात, ते देते. लांबच्या खोल्या प्रत्येकी १,२०० रुपये आणि मधल्या १,८०० रुपये धरा. दोन खोल्या लागणारच. मेट्रोचं भाडं २५ ऑगस्ट २०२५ पासून वाढलंय: २ ते ५ किलोमीटरला २१ रुपये, २१ ते ३२ किलोमीटरला ५४. मुक्ताचं तिकीट पूर्ण, कारण तीन फुटांच्या आतल्या पोरांनाच फुकट आहे आणि ती केव्हाच त्यावर गेलीय. लांबून रोज एक जाणं-येणं म्हणजे सहा जणांचे ६४८ रुपये. मधल्या खोलीवरून जवळची ठिकाणं धरली तर दुपारच्या फेरीसकट रोज दोनदा जाणं-येणं झालं तरी ५०४. मधे चार रात्री राहिलात तर खोल्यांचे १४,४०० आणि मेट्रोचे २,०१६, एकूण १६,४१६. लांब राहून पाच रात्री लागल्या तर १२,००० अधिक ३,२४०, म्हणजे १५,२४०. फरक ११७६ रुपयांचा. पाचव्या दिवसाचा सहा जणांचा नाश्ता, दोन जेवणं आणि चहा ११७६ मध्ये बसवून दाखवा म्हणावं, आणि तेही दिल्लीत, तुझा खादाड चिन्मय बरोबर असताना! शिवाय लांबच्या मेट्रो स्टेशनपासून लॉजपर्यंतची रिक्षा मी धरलेलीच नाही. ऑटोत तीनच माणसं बसतात, म्हणजे दर वेळी दोन रिक्षा.

दाजी म्हणतील, मुक्काम वाढवायचाच नाही, जेवढं होईल तेवढं बघू. म्हणू देत. पण मग रेल्वेची सहा-सहा तिकिटं, सुट्टी, दोन्ही बाजूंचा प्रवास, एवढं सगळं खर्चून अर्धीच दिल्ली बघायची, हा कुठला काटकसरीचा हिशेब? मोठा खर्च सांगली सोडतानाच झालेला असतो. लॉजवर वाचवलेले रोजचे बाराशे रुपये त्या खर्चाची किंमत निम्म्यावर आणतात.

झोपते. आईला सांग, स्वेटर पुरणार नाही, शाल आणि कानटोपी दोन्ही.

तुझी धाकटी


बुधवार

प्रिय ताई,

चिन्मयनं पाठवलेला फोटो बघितला. आठशे नव्वदची खोली, पांढरीशुभ्र चादर, चादरीवर टॉवेलचा हंस. ‘विमानतळापासून दहा मिनिटं’ असं त्याच्याखाली लिहिलंय, ते खरं आहे, आणि तेवढंच खरं आहे. ती खोली महिपालपूरला आहे. महामार्गाच्या कडेला हॉटेलांची रांगच्या रांग असलेला तो भाग. रात्री उतरून पहाटेचं विमान पकडणाऱ्या माणसासाठी तो बरा. तुम्ही येणार गोवा एक्स्प्रेसनं, निजामुद्दीनला. तुमचा विमानतळाशी संबंध काय? एरोसिटीचं मेट्रो स्टेशन तिथून चालत जाण्यासारखं नाही, आणि भरधाव गाड्यांचा रस्ता ओलांडून दोन म्हाताऱ्यांना रोज नेणं मला तरी नको वाटतं. ॲपवर सर्वांत स्वस्त ते सर्वांत वर दिसतं. रस्ता कुठला, जिना किती, पाणी कधी गरम, हे तिथे दिसत नाही. चिन्मयला सांग, किमतीची चाळण काढून टाक आणि नकाशा उघड. मेट्रोच्या निळ्या रेषेवर रामकृष्ण आश्रम मार्ग, झंडेवालान, करोल बाग ही तीन स्टेशनं शोध, आणि प्रत्येकाभोवती आठशे मीटरचं वर्तुळ काढून त्याच्या आतलेच दर पाठव. पोराला काहीतरी काम लागेल.

सासूबाईंच्या भाच्याचं गुरुग्रामचं घर हा नाजूक विषय आहे, म्हणून जपून लिहिते. भाडं शून्य, घरचं जेवण, आपली माणसं. पण पहिल्या पत्रातलं गणित तिथेही लागू आहे. मिलेनियम सिटी सेंटरपासून राजीव चौक ५४ रुपये आणि जवळपास तासाभराचं अंतर, ते स्टेशन गाठायला आधी वेगळी रिक्षा. दुपारी परतणं अशक्य. शिवाय दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सहा पाहुणे चार रात्री म्हणजे त्या घरच्या सुनेची नाताळची सुट्टी आपण खाल्ली. त्या बदल्यात आपण मिठाई, मुलांना कपडे, शेवटच्या दिवशी बाहेरचं जेवण असं सगळं करणारच, आणि करायलाच हवं. ते जमेला धरलं की फुकटचं घर लॉजच्या भावानंच पडतं, वर ओझं राहतं ते वेगळं. एक संध्याकाळ ठरवून भेटायला जा, जेवून या. रविवारी गेलात तर मेट्रोही स्वस्त पडते. ५४ चे ४३ होतात.

आणि हो, ‘गेल्या वर्षी कुलकर्णींना हजारात मिळाली होती’ असं कोणी म्हटलं तर विचार, कुठल्या महिन्यात. इथे दर तारखेप्रमाणे हलतात. प्रगती मैदानावरचा व्यापार मेळा १४ ते २७ नोव्हेंबर असतो, त्या दिवसांत छोटी लॉजंसुद्धा ताठ होतात. लग्नाच्या तिथीला करोल बागेत अख्खी हॉटेलं वऱ्हाडानं भरतात. नाताळ ते एक जानेवारी तर विचारूच नको. कुलकर्णी जुलैत गेले असतील.

आज जास्त लिहवत नाही. दुपारी छोले-भटुरे खाल्ल्यानंतर माणूस कामाचा राहत नाही.

धाकटी


शुक्रवार

प्रिय ताई,

तुझ्या फोनवरून कळलं की घरात आता दोन पक्ष पडलेत. दाजी पहाडगंजच्या बाजूचे, आई धर्मशाळेच्या बाजूची. दोघांचंही अर्धं बरोबर आहे.

पहाडगंजची बाजू मजबूत आहे हे आधी कबूल करायला हवं. नवी दिल्ली स्टेशनच्या दारातच मेन बाजार सुरू होतो, हिप्पींच्या काळापासून परदेशी पाठपिशवीवाले तिथेच उतरत आले. दरांची स्पर्धा एवढी की घासाघीस करायला तोंड उघडायचा अवकाश. नूतन मराठी शाळा त्याच भागात, बृहन्महाराष्ट्र भवनही तिथेच. म्हणजे मराठी माणसाला तो भाग परका नाही. पण पहाडगंज म्हणजे एकच गल्ली नव्हे. स्टेशनकडच्या तोंडाशी राहिलात तर मेट्रो गाठायला अख्खं रेल्वे स्टेशन ओलांडावं लागतं. पहाडगंजची बाजू म्हणजे फलाट क्रमांक १, आणि मेट्रो अजमेरी गेटच्या बाजूला, १६ नंबरच्या फलाटापलीकडे. मधला पादचारी पूल दिवसातून चार वेळा चढायचा, आईच्या गुडघ्यासकट? तोच मेन बाजार उलट्या टोकानं संपतो तिथे रामकृष्ण आश्रम मार्ग स्टेशन जवळ आहे. त्या टोकाची खोली दीड-दोनशे रुपयांनी महाग असली तरी घ्यावी. एकाच बाजारात, एकाच नावाच्या लॉजांत, कुठल्या टोकाला राहता यावर दुपारचं परतणं अवलंबून आहे.

स्टेशनबाहेरचे दलाल हा दाजींच्या आवडीचा विषय, म्हणून थोडक्यात. ‘तुमचं हॉटेल बंद झालंय’, ‘त्या गल्लीत आज पोलिसांनी रस्ता अडवलाय’, ‘चला, सरकारी टुरिस्ट ऑफिसात फोन लावू’, ही तीन वाक्यं वर्षानुवर्षं तीच आहेत. ती नवख्या माणसावर चालतात, आणि थकलेल्या माणसावर त्याहून जास्त चालतात. खोली आधी ठरलेली, तिचा फोन नंबर कागदावर लिहिलेला, आणि कोणाशीही न बोलता थेट मेट्रो, एवढंच औषध.

आता आईची धर्मशाळा. आईच्या डोळ्यांसमोर शेगावचा भक्तनिवास आहे: स्वच्छ, स्वस्त, शिस्तीचा. इथेही चांगल्या जागा आहेत. बिर्ला मंदिराशेजारी धर्मशाळा आहे, बंगला साहिब गुरुद्वाऱ्याची सराई आहे, आणि बंगला साहिबचं लंगर तर आईनं एकदा जेवावंच. पण या जागा यात्रेकरूसाठी आहेत आणि नियमही त्याच हिशेबाचे: मुक्कामाला दिवसांची मर्यादा, आगाऊ खात्री कमी, गर्दीच्या दिवसांत आल्यावरच काय ते कळणार. पहाटे सहा माणसं सामानासह दारात उभी आणि आतून ‘जागा नाही’, हा धोका एकट्यानं पत्करावा, कुटुंबानं नाही. महाराष्ट्र सदनाचंही तेच. कोपर्निकस मार्गावरचं जुनं सदन आणि कस्तुरबा गांधी मार्गावरचं २०१३ साली उघडलेलं नवं, दोन्ही जागा मोक्याच्या, पण पहिला हक्क आमदार-खासदार आणि अधिकाऱ्यांचा. तुम्ही काकांकडून शिफारसपत्र आणाल, त्यावर ‘उपलब्धतेनुसार’ असा शेरा पडेल, आणि नकार कळेपर्यंत बाहेरचे दर चढलेले असतील. उशिरा मिळणाऱ्या नकाराचीही किंमत असते, ती दरपत्रकात छापलेली नसते. सदनात जेवायला मात्र जरूर जा. इथल्या पनीरला कंटाळून आमटी-भाताची आठवण काढत बसलेली व्यक्ती हे पत्र लिहीत आहे.

या दोन पक्षांच्या मधे एक तिसरा प्रकार आहे, त्याच्याकडे आपल्या लोकांचं लक्ष जात नाही. जयसिंग रोडवरचं वायएमसीएचं वसतिगृह, अशोक रोडवरचं वायडब्ल्यूसीएचं, चाणक्यपुरीत न्याय मार्गावरचं युथ होस्टेल. पहिली दोन पटेल चौक मेट्रोच्या जवळ. दर पहाडगंजपेक्षा चढे, पण रस्ता रुंद, झाडं आहेत, आणि रात्री कोणी दार वाजवत नाही. तुमच्या हिशेबात बसलं तर बघा. मला वाटतं नाताळात तिथे आत्ता जागा उरली नसेल.

‘कशीही चालेल’ असं तू म्हणतेस, ते मात्र चालणार नाही. १२ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे करोल बागेतल्या एका हॉटेलला आग लागली आणि १७ माणसं गेली. लोक झोपेत होते, बाहेर पडायची वाट अरुंद होती. ते काही हजार रुपयांचं लॉज नव्हतं, म्हणजे जास्त पैसे मोजले की माणूस सुरक्षित असंही नाही. म्हणून पैशाकडे न बघता तीन गोष्टी बघायच्या: खोलीला रस्त्याकडे उघडणारी खिडकी आहे का, जिना दुसऱ्या मजल्याच्या वर चढायला लावतो का, आणि जिन्यात गाद्या-पेट्यांचा ढीग आहे का. दिल्लीतल्या स्वस्त खोल्यांना पुष्कळदा खिडकी नसतेच, किंवा असते ती हातभर रुंदीच्या चौकात, जिथून फक्त शेजारच्याचा खोकला आत येतो. अशा खोलीत दिवसा दिवा लावावा लागतो आणि रात्री ओल चढते. आईचा दमा सांगलीतच राहावा अशी माझी इच्छा आहे.

थंडीचं तर वेगळंच प्रकरण आहे. आपल्याकडे लॉज घेताना माणूस एसी विचारतो. इथे डिसेंबरात एसीचे पैसे देणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, पण एसीची खोलीच तेवढी धड असते म्हणून लोक ती घेतात. नॉन-एसी खोली मागा आणि वाचलेल्या पैशांत हीटर मागा. तो बहुतेक ठिकाणी वेगळ्या भाड्यानं मिळतो आणि त्याचा दर आधी बोलून घ्यावा लागतो. फरशी संगमरवराची, म्हणजे सकाळी पाय टेकवला की मस्तकापर्यंत कळ. जानेवारीत पारा सातच्या आसपास, कधी चारवर. जाड रजई माणशी एक हवी. ‘डबल बेडला एक रजई’ हा इथला शिरस्ता आहे आणि त्यावरून पहाटे तीनला नवरा-बायकोत भांडणं होतात. पाणी कधी गरम मिळतं हे विचारताना ‘चोवीस घंटे’ या उत्तरावर थांबू नका, गीझर खोलीत आहे की मजल्याला एक, ते विचारा. आणि कोणी कोळशाची अंगीठी आणून देऊ केली तर सरळ नाही म्हणा. बंद खोलीत तिच्या धुरानं माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात.

खाण्याबद्दल लिहायचं ठरवलं नव्हतं, पण ‘नाश्ता समाविष्ट’ या दोन शब्दांवर दाजी भाळतील म्हणून लिहिते. समाविष्ट नाश्ता म्हणजे गार टोस्ट, लोण्याची वडी, उकडलेलं अंडं, आणि नशीब असलं तर आलू पराठा. तो साडेआठच्या आधी मिळत नाही. उन्हाळ्यात मी म्हटलं असतं, नको, वेळ जातो. हिवाळ्यात धुक्यामुळे तसंही नऊपर्यंत कुठे जाता येत नाही, तेव्हा मुलांसाठी घ्या, फक्त दरात त्याचे शंभर-दोनशे लावलेले नसावेत. मोठ्यांनी मात्र एक सकाळ चांदनी चौकासाठी राखून ठेवावी. तिथे थंडीत सकाळी दौलत की चाट मिळते: दूध रात्रभर गारठ्यात ठेवून, घुसळून घुसळून वर आलेला फेस, त्यावर केशराचा पिवळा डाग, भुरभुरलेला खवा आणि बुरा साखर. द्रोणात घेतली की वजनच लागत नाही, जिभेवर ठेवली की नाहीशी होते, आणि पैसे कशाचे दिले असा प्रश्न पडतो. मग दुसरा द्रोण. ऊन तापलं की फेस बसतो, म्हणून दुपारी जाऊन उपयोग नाही. त्याउलट छोले-भटुरे दुपारी खा आणि थेट खोलीवर जा, कारण ते खाऊन कुतुबमिनारभोवती फिरणं सोडाच, तो बघणंही होत नाही. पहाडगंजात सीताराम दीवानचंदकडचे खा. मुळ्याचे पराठे, लाल गाजरांचा हलवा, भाजलेलं रताळं लिंबू पिळून, हे सगळं रस्त्यावर आहे आणि खोलीचं भाडं वाचवून मिळणाऱ्या समाधानापेक्षा बरंच जास्त समाधान देणारं आहे. फक्त पोहे विचारू नका. चेहरा करतात.

लाल किल्ला सोमवारी बंद असतो, ताजमहाल शुक्रवारी. तेवढं सांभाळून यादी करा.

तुझी धाकटी


रविवार, सकाळ

प्रिय ताई,

उन्हात बसून लिहिते आहे, म्हणून अक्षर बरं आहे.

चिन्मयनं काढलेली वर्तुळं उत्तम. त्याच्या यादीतली करोल बागेतली तिसरी आणि रामकृष्ण आश्रमजवळची पहिली, या दोन मला पटल्या. करोल बागेबद्दल दाजींना शंका आहे की ती बाजाराची जागा, गोंगाट असेल. आहेच. अजमल खाँ रोडला सोमवार सोडून रोज जत्रा असते. पण त्या गोंगाटाचा अर्थ असा की रात्री दहालाही रस्ता जागा असतो, औषधाचं दुकान उघडं असतं, आणि कोपऱ्यावर गरम दूध मिळतं. शांत, स्वस्त आणि जवळची अशी तिन्ही एकत्र असलेली खोली दिल्लीत नाही. तिन्हीपैकी शांतता सोडायला तुमची हरकत नसावी, सांगलीचं घरही बसस्टँडसमोरच आहे.

एकाच आक्षेपाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही, तो म्हणजे पहाटेचा. गोवा एक्स्प्रेस सकाळी सहा-साडेसहाच्या सुमाराला निजामुद्दीनला लागते, आणि इथली हॉटेलं दुपारी बाराच्या हिशेबावर चालतात. म्हणजे सहा तास सहा माणसं कुठे ठेवायची? आदल्या रात्रीचे पैसे भरले तर एका रात्रीचं भाडं नुसत्या आंघोळीसाठी जातं. रेल्वेचे विश्रामकक्ष पीएनआरवर आगाऊ मिळतात, पण सहा जणांना एकाच वेळी मिळतील याची खात्री नाही. पहाडगंजात अजूनही काही लॉजंवर आपल्याकडच्यासारखी ‘२४ तास’ची पाटी आहे, म्हणजे आलात त्या वेळेपासून दिवस मोजतात, तुम्हाला तीच सोयीची, आणि या एका कारणासाठी रामकृष्ण आश्रमाकडची पहिली खोली करोल बागेच्या तिसरीवर मात करते. धुक्यानं गाडी पाच तास रखडली तर हा सगळा वाद आपोआप मिटेल, आणि ती शक्यता डिसेंबरात काही कमी नाही. बाराचा हिशेब असलेल्या ठिकाणी ‘अर्ली चेक-इन’चे पैसे अर्धे घेतात का पूर्ण, हे दाजींनी फोनवर विचारून घ्यावं आणि उत्तर मेसेजवर लिहून मागावं. काउंटरवर आल्यावर तोंडी बोलणं कोणी ओळखत नाही.

काउंटरबद्दलच सांगायचं तर, अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाचं ओळखपत्र मागतात आणि पॅन कार्ड चालत नाही, कारण त्यावर पत्ता नसतो. आईचं आधार कपाटातल्या हिरव्या फाइलमध्ये आहे, सासूबाईंचं तू बघ. आधी ‘पॅन नहीं चलेगा’ म्हणायचं, मग रजिस्टर पुढे सरकवायचं, मग टीव्हीकडे बघत पेन शोधायचं, ही इथल्या काउंटरवरच्या माणसांची ठरलेली रीत आहे आणि ती बघून चिडायचं नाही असं दाजींना आत्ताच सांगून ठेव. बोललेल्या दरावर जीएसटी येतो. २०२२ च्या जुलैपर्यंत हजाराच्या आतल्या खोलीला तो नव्हता, मग त्यांनाही १२ टक्के झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांना ५ टक्के आहे. कोणी जुन्या सवयीनं बारा लावले तर बिल मागा. बिल म्हटलं की आकडा आपोआप पाचवर येतो किंवा कर नाहीसाच होतो. दुसरा प्रकार बरोबर नाही, पण तो वाद परगावी घालू नये. जादा गादीचे पैसे दिवसाला की मुक्कामाला, हेही विचारायचं.

निजामुद्दीनला उतरल्यावर रिक्षावाल्यांच्या घोळक्यात शिरू नका. स्टेशनच्या जवळच सराय काले खाँ-निजामुद्दीन हे गुलाबी मार्गावरचं मेट्रो स्टेशन आहे; तिथून मयूर विहार फेज-१ ला गाडी बदलून निळ्या मार्गानं थेट रामकृष्ण आश्रम. सामान जास्त वाटलं तर दोन ऑटो करा, मीटरनं. पहिल्या दीड किलोमीटरला ३० आणि पुढे किलोमीटरला ११ रुपये, म्हणजे दहा-बारा किलोमीटरला दीडशेच्या आत बसतं. पाचशे म्हणाले तर मेट्रो. आई आणि सासूबाई पहिल्या डब्यात, तो बायकांचा असतो आणि बसायला मिळायची शक्यता तिथे जास्त.

ताजमहालासाठी ठरवलेला आग्र्याचा एक दिवस तसाच ठेवा, तिथे मुक्काम नको.

खोलीचे आगाऊ पैसे गुरुवारपर्यंत पाठवायचे आहेत. पूर्ण भरू नका, एका रात्रीचे भरा, आणि रद्द केल्यास परत मिळतील का ते आधी विचारा. दाजी अजूनही आठशे नव्वदवर अडून असतील तर त्यांना एकट्याला महिपालपूरला ठेवू, हंस त्यांना भेटेल. मला बुधवारी रात्री फोन कर, दिवसा उचलता येत नाही.

तुझी धाकटी